पदार्थ, वाहक आणि अतिवाहक : कार्यशाळेतील शब्दांचा अभ्यास

इंदूरमध्ये राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या दोन संशोधन संस्था आहेत. त्यामुळे प्रगत पदार्थांच्या संशोधनावरील कार्यशाळांना जाण्याची संधी येथील विद्यार्थ्यांना मिळते. त्यांत मराठी घरांतली मुलेही असतात. व्याख्याने इंग्रजीत होतात, चहाच्या वेळची चर्चा हिंदीत. संध्याकाळी आजी विचारते, "काय पाहिलंस आज?" उत्तर "छान होतं" एवढ्यावर संपते. ते थोडे लांबावे म्हणून मी अशा विद्यार्थ्यांकडून शब्दांचा सराव करून घेतो. त्यातील काही शब्द येथे पाहू.

पहिली अडचण विषयाच्या नावाची. हिंदीत 'पदार्थ विज्ञान' म्हणजे मटेरियल सायन्स. मराठीत मात्र 'पदार्थविज्ञान' हे भौतिकशास्त्राचे जुने, रुळलेले नाव. घरात 'पदार्थ' म्हटले की ताट आठवते, 'साहित्य' म्हटले की पुस्तके किंवा पाककृतीची यादी, आणि 'सामग्री' म्हटले की पूजा. अशा वेळी 'मटेरियल सायन्स' असेच म्हणून पुढे एक वाक्य जोडावे : "वस्तू आतून कशी घडली आहे आणि म्हणून ती कशी वागते, याचा अभ्यास."

दुसरी जोडी चालक आणि वाहक यांची. हिंदीतील 'अर्धचालक' मराठीत 'अर्धवाहक' होतो. एसटीत चालक गाडी चालवतो आणि वाहक तिकीट देतो, त्यामुळे मुले येथे हसतात. पण मराठी शब्दामागची कल्पना सोपी आहे : तांब्याची तार वीज आपल्यातून वाहू देते, म्हणून ती वाहक.

'अतिवाहक' शब्दाला अधिक जपावे लागते. मराठीत 'अति'ला नापसंतीची छटा आहे. शिवाय 'खूप चांगला वाहक' असा अर्थ घेतला तर मुद्दा निसटतो. १९११ साली कामरलिंग ओनेस यांना आढळले की सुमारे उणे २६९ अंश सेल्सियसला पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा होतो. तो नुसता कमी होत नाही, शून्य होतो. हे वाक्य जोडल्याशिवाय शब्द अपुरा राहतो. द्रव नायट्रोजनने, म्हणजे उणे १९६ अंशांना, थंड केलेल्या काळ्या चकतीवर चुंबक तरंगताना पाहिलेल्या मुलाला तर ते सांगता आलेच पाहिजे.

काही शब्द दोन्ही भाषांत सारखे दिसतात आणि फसवतात. हिंदीतील 'परत' म्हणजे थर. मराठीत 'पातळ परत चढवली' याचा अर्थ लागत नाही, 'पातळ थर दिला' म्हणावे. हिंदीतील 'शोध' म्हणजे आपले संशोधन, तर हिंदीतील 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती.

आता इंडस-२ या यंत्राचे वर्णन पाहा : "१७२.५ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. वळताना ते प्रकाश टाकतात. त्यातल्या क्ष-किरणांनी स्फटिकातली अणूंची मांडणी कळते." यात 'विवर्तन' आलेले नाही, तरी आजीला काम समजते. 'विवर्तन' त्यानंतर शिकवावे.

बोलण्याचे असे विषय घरात येत राहिले नाहीत, तर इंदूरची मराठी सणवार आणि स्वयंपाकापुरती उरेल, ही माझी खरी काळजी आहे.

स्वाध्याय : कार्यशाळेत ऐकलेले पाच शब्द निवडा. प्रत्येकाचा मराठी शब्द लिहा, त्याखाली घरी बोलाल असे एक वाक्य लिहा आणि ते मोठ्यांना वाचून दाखवा. त्यांनी प्रश्न विचारला, तर तोही वहीत लिहा.