पाण्याने थंड होणाऱ्या संगणकातील पंपाची घरघर : कारणे आणि उपाय

संगणक जोडणी व दुरुस्तीच्या धंद्यात आपले अनेक तरुण आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातील एका गाळ्याच्या दुकानापर्यंत ही मंडळी हातातल्या कसबावर हलाल रोजी कमावत आहेत. व्हिडिओ एडिटिंग, इमारतींचे नकाशे आणि गेम यांसाठी लागणारे ताकदवान संगणक आता पुष्कळदा पाण्याने थंड केले जातात. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसवतात, त्यातून पाणी फिरते, रेडिएटरमध्ये जाऊन थंड होते आणि परत येते. हे पाणी फिरवण्याचे काम एक छोटा १२ व्होल्टचा पंप करतो.

अशा मशीनबद्दल एक तक्रार वरचेवर येते. मशीन गरम होत नाही, पण सारखी घरघर करते. दुकानातल्या गजबजाटात ती ऐकूही येत नाही, घरी रात्री मात्र डोके उठवते. घरातच आवाजाचे रेकॉर्डिंग करणाऱ्या गिऱ्हाइकाला तर असे मशीन निरुपयोगीच. मग दुकानदार काय करतो? पंप बदलतो. नवा पंपही तसाच गुणगुणतो. काही हजार रुपये खिशातून जातात आणि गिऱ्हाईक चार ठिकाणी दुकानाचे नाव सांगत फिरते.

यात समजून घेण्याची गोष्ट अशी की, पंप स्वतः फार आवाज करत नसतो. तो ज्या पत्र्यावर आवळलेला असतो तो पत्रा आवाज करतो. चालू मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून हातात धरा, आवाज थोडा येईल. तोच स्टीलच्या ताटात ठेवा, सारे घर जागे होईल. कॅबिनेटचा पातळ पत्रा हे ते ताट आहे.

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागिरांना हे नव्याने सांगायला नको. फ्रिजचा कॉम्प्रेसर रबरी पायांवर बसतो. बोल्टभोवती एक लोखंडी नळी असते, त्यामुळे नट कितीही आवळला तरी रबर चेपत नाही. कॉम्प्रेसरपासून निघणारी तांब्याची नळी सरळ न नेता वळणे देऊन नेलेली असते. हादरा बाहेर जाऊ नये म्हणूनच हा सगळा खटाटोप. संगणकाच्या पंपाला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात, पाय मऊ आणि नळी सैल.

प्रथम रोग ओळखावा. पंप वेगळा बसवलेला असेल तर मशीन चालू असताना त्याचे स्क्रू काढा आणि नळ्यांना ताण न देता तो तळहातावर उचलून धरा. स्क्रू काढताना स्क्रूड्रायव्हर किंवा स्क्रू मदरबोर्डवर पडणार नाही याची काळजी घ्यावी. आवाज एकदम मावळला, तर दोष बसवणीचा आहे. हातातही तो खरखरत राहिला, तर दोष पंपात किंवा पाण्यातील हवेत आहे. या दोन मिनिटांच्या तपासणीआधी पंप बदलण्याची गोष्ट काढूच नये.

हवा असेल तर आवाज खळखळल्यासारखा येतो आणि कमीजास्त होतो. हवा नेहमी सर्वात उंच जागी जमते. ज्या तयार बंद संचात पंप प्रोसेसरवरच बसलेला असतो, तिथे रेडिएटर कॅबिनेटच्या तळाला लावला की पंप उंचावर राहतो आणि हवा त्याच्यातच येऊन बसते. रेडिएटर छताला लावावा. समोर लावायचा असल्यास त्याचे वरचे टोक पंपापेक्षा उंच राहील असे पाहावे. या पंपांच्या आतील बेअरिंगला वंगण म्हणून पाणीच असते. कोरडा चाललेला पंप लवकर खराब होतो, म्हणून भरणी करताना पाणी पोहोचण्याआधी वीज देऊ नये.

आता रबराविषयी. इथेच बहुतेक जण फसतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

मूळ जर्मनीतील लाइंग कंपनीचा डी-५ हा पंप या कामात प्रसिद्ध आहे. वेग बदलता येणाऱ्या प्रकारात तो मिनिटाला सुमारे १८०० ते ४८०० फेऱ्या घेतो. ३००० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला ५० हादरे झाले. पंप रबरावर ठेवला की रबर त्याच्या वजनाने थोडे दबते, आणि किती दबते यावर त्या बैठकीचा स्वतःचा झोका ठरतो. १ मिलिमीटर दबले तर सेकंदाला सुमारे १६ झोके, ०.१ मिलिमीटरच दबले तर सुमारे ५०. पंपाचे हादरे या झोक्यांच्या निदान दीडपट असावे लागतात, तरच रबर हादरा अडवते. दोन्ही आकडे जवळ आले की झोपाळ्याला वेळेवर धक्का मिळावा तसा हादरा उलट वाढतो.

म्हणजे टायरच्या तुकड्यासारखे कडक रबर, जे पंपाच्या वजनाने ०.१ मिलिमीटरच दबते, ते ३००० फेऱ्यांच्या पंपाखाली घातले तर आवाज पूर्वीपेक्षा वाढेल. “रबर लावूनही फरक नाही” ही तक्रार पुष्कळदा यातूनच येते. उलट १ मिलिमीटर दबणारी बैठक कागदावरच्या हिशेबाने हादऱ्याचा सुमारे नववा भागच पुढे जाऊ देते. प्रत्यक्षात फायदा यापेक्षा कमी मिळतो, कारण हलत्या भाराखाली रबर अधिक कडक वागते, तरी फरक कानाला सहज कळतो.

माप घेणे सोपे आहे. रबराची जाडी आधी व्हर्नियरने मोजा, पंप पाण्यासह वर ठेवा आणि पुन्हा मोजा. निदान १ मिलिमीटरचा फरक हवा. मऊ जेलची गादी, सॉर्बोथेन किंवा दाट स्पंज चालतो. रबर कडकच मिळाले तर पूर्ण चादर घालण्याऐवजी चार कोपऱ्यांना चार लहान तुकडे ठेवावेत. टेकण्याची जागा घटली की तेच रबर जास्त दबते. गादी पूर्ण चपटी होईल इतकी मऊही नको.

आणि स्क्रू! उत्तम रबर घालून वरून स्क्रू करकचून आवळला की रबर चेपते, आणि स्क्रूच्या लोखंडातून हादरा सरळ पत्र्यात उतरतो. स्क्रूच्या डोक्याखालीही रबरी वायसर हवा, भोक स्क्रूपेक्षा मोठे हवे आणि पंप बोटाने किंचित हलला पाहिजे. मशीन वाहतुकीला जाणार असेल तर तेवढ्यापुरता आधार द्यावा आणि पोहोचल्यावर काढावा.

नळीचे तसेच. काचेसारख्या पारदर्शक कडक नळ्या दिसायला सुरेख असतात, पण हादरा जसाच्या तसा रेडिएटरकडे नेतात, आणि रेडिएटर पत्र्यालाच जोडलेला असतो. गिऱ्हाइकाला त्याच हव्या असतील तर निदान पंपाच्या दोन्ही तोंडांशी वीतभर मऊ नळी सैल वळण देऊन घालावी.

बिनखर्चाचा उपाय म्हणजे वेग कमी करणे. पुष्कळ मशीनमध्ये पंप विनाकारण पूर्ण वेगाने धावत असतो. प्रोसेसर २०० वॅट उष्णता देतो आणि मिनिटाला ४ लिटर पाणी फिरते असे धरा. ठोकळ्यातून जाताना पाणी फक्त ०.७ अंश तापते. पाणी निम्मे केले तर १.४ अंश. प्रोसेसरचे तापमान यापेक्षा थोडे अधिक वाढू शकते, पण ६० अंशांवर चालणाऱ्या मशीनला त्याचे काय? दुसरीकडे, वेग निम्मा झाला की फिरत्या भागाच्या असमतोलाचा जोर चौथाईवर येतो. बायॉसमधून वेग २०० फेऱ्यांच्या पायरीने उतरवावा आणि प्रत्येक पायरीला ऐकावे. एखाद्या पायरीवर आवाज अचानक वाढला तर ती झोके जुळण्याची जागा समजावी आणि तिथे न थांबता पुढे जावे. बंद संचाच्या बाबतीत मात्र कंपनीने सांगितलेल्या किमान वेगाखाली जाऊ नये. कमी वेग ठरल्यावर मशीन अर्धा तास पूर्ण कामाला लावून तापमान पाहावे.

एवढे करूनही हातात धरलेला पंप खरखरत असेल, तर बेअरिंग झिजले आहे आणि पंप बदलावाच लागेल. जुने मशीन विकताना ही खरखर दोन दिवस वेग उतरवून लपवता येते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊकच आहे. मालातला ऐब गिऱ्हाइकाला सांगूनच माल विकायचा, हे आपल्या शरीअतने व्यापाऱ्यावर घातलेले बंधन आहे. तेव्हा पंप झिजलेला असल्यास तसे बिलावर लिहावे आणि त्या मानाने किंमत कमी घ्यावी.

नळ्या सोडल्या असतील तर जोडणीनंतर फक्त पंपाला वीज देऊन, प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून मशीन रात्रभर चालवावे. कागद सकाळी कोरडा असेल तरच मदरबोर्डला वीज द्यावी. मजुरी सांगताना रबर आणि नळीचा खर्च किरकोळ आहे हे लपवू नये. तपासणी, माप आणि वेग बसवणे यात एक-दोन तास सहज जातात, मोबदला त्या वेळेचा आहे. पंपाचा ठरवलेला वेग आणि त्या वेळचे तापमान जॉब कार्डवर लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी तेच मशीन परत आले तर आवाज बैठकीचा की बेअरिंगचा, हे त्या दोन आकड्यांच्या आधारे लवकर ठरते.