‘युयुत्सु’ या पदाचा अर्थविचार

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्याच श्लोकात धृतराष्ट्राच्या मुखी ‘युयुत्सवः’ हे पद आले आहे. पुष्कळ पठणकर्ते त्याचा अर्थ ‘लढण्यासाठी जमलेले’ एवढाच करतात. त्यात पदाचा प्राण जो ‘इच्छा’, तोच सुटतो. म्हणून त्याचा विचार अवश्य आहे.

व्युत्पत्ती

‘युध्’ म्हणजे लढणे. या धातूस इच्छार्थक ‘सन्’ प्रत्यय लागला असता धातूचे द्वित्व होते, ‘ध्’चा ‘त्’ होतो आणि ‘युयुत्स’ हे अंग सिद्ध होते. त्यापुढे पाणिनीय सूत्राप्रमाणे (३.२.१६८) ‘उ’ प्रत्यय येऊन ‘युयुत्सु’ शब्द होतो. मराठी लेखनात त्याचा अंत्य उकार दीर्घ होतो. युयुत्सू म्हणजे लढण्याची इच्छा धरणारा. योद्धा तो नव्हे. कारण योद्धा इच्छेवाचूनही लढू शकतो, आणि युयुत्सू शस्त्र न उचलताही युयुत्सूच असतो.

गीतेतील उपयोग

हे विशेषण गीतेत दोनदा, आणि दोन्ही वेळा पहिल्या अध्यायातच आले आहे: प्रथम दोन्ही सैन्यांस उद्देशून, नंतर २८व्या श्लोकात अर्जुनाने स्वजनांस उद्देशून. श्रीकृष्ण चक्रवर्ती अर्जुनास ‘युयुत्सु हो’ असे कोठेही सांगत नाहीत. तिसऱ्या अध्यायात (३.३०) युद्धाची आज्ञा करताना ते ‘विगतज्वर’ हे पद योजतात. ज्याचा ताप निवाला आहे, तो विगतज्वर. क्रिया तीच, परंतु मनातील ज्वर काढून टाकलेला, हा भेद साधकाने नीट ध्यानी घ्यावा.

व्यवहारातील दाखले

श्रीचक्रपाणींचे जन्मस्थान फलटण ज्या सातारा जिल्ह्यात आहे, तेथे व शेजारच्या सांगलीत या भावासाठी ‘खुमखुमी’ व ‘रग’ हे रोजचे शब्द आहेत. दोन्ही जिल्हे कुस्तीचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले. कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. मल्ल शड्डू ठोकतो तेव्हा त्यास झुंजीची इच्छा असतेच. पण हाताला हात लावून कुस्ती सुरू होते आणि पाठ मातीस लागताच संपते. तेथे इच्छा आहे, वैर नाही.

याच भूमीत ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला. गोळीबारात परशुराम घार्गे प्रभृती हुतात्मे झाले. हाती तिरंगा घेऊन गेलेल्या या लोकांस लढवय्ये म्हणणे यथार्थ होईल. युयुत्सू म्हणणे होणार नाही. त्यांना स्वातंत्र्य हवे होते, झुंज नव्हे.

नाम आणि वर्तन

महाभारतात धृतराष्ट्राच्या एका पुत्राचेच नाव युयुत्सु आहे. तो वैश्य स्त्रीपासून झालेला. युद्धारंभी युधिष्ठिराने आवाहन केले, तेव्हा कौरवांचा पक्ष सोडून तो पांडवांकडे आला. पुढे पांडव महाप्रस्थानास निघाले, तेव्हा परीक्षितास सिंहासनी बसवून राज्याची देखरेख याच्यावर सोपविली गेली. नाव लढण्याच्या इच्छेचे. वागणूक मात्र धर्म कोठे आहे ते पाहून पाऊल टाकण्याची.

साधकास बोध

परमार्गात अहिंसा हा आचाराचा पाया आहे. अनुसरलेले असोत वा वासनिक, त्यांच्या हाती शस्त्र नसते. तथापि युयुत्सेचे वसतिस्थान हात नसून मन आहे. शास्त्रचर्चेस बसताना ‘यास आज हरवीन’ असा हेतू मनी आला, तर सूत्राचा अर्थ बाजूस राहतो आणि आखाडा सुरू होतो. तोही मल्लांच्या आखाड्याहून हीन. कारण मल्लांचे वैर मातीतच राहते, चर्चेतले पुष्कळदा मनात साठून राहते.

‘जिज्ञासु’ व ‘मुमुक्षु’ हे शब्दही त्याच ‘सन्’ प्रत्ययाने झालेले आहेत आणि तेही गीतेत आले आहेत. प्रत्यय एकच, इच्छा एकच. धातू तेवढा निराळा. एकीकडे लढणे, दुसरीकडे जाणणे, तिसरीकडे सुटणे. बोलण्यास आरंभ करण्यापूर्वी आपली इच्छा कोणत्या धातूस लागली आहे, एवढे साधकाने पाहावे.