आजचं चिंतन : लाल ढग आणि गीता १३.३३



आजचा श्लोक तेराव्या अध्यायातला ३३वा. (काही प्रतींत सुरुवातीला अर्जुनाचा एक श्लोक जास्त असतो, तिथे हा ३४वा.) एकच सूर्य जसा सगळं जग उजळतो, तसा क्षेत्री, म्हणजे आतला जाणणारा, सगळं क्षेत्र उजळतो. वाचताना सोपं वाटतं. पण सूर्य एकच, तर ढग दुपारी पांढरा आणि संध्याकाळी लाल-केशरी कसा?

ढगाला स्वतःचा रंग नसतो. त्यातले थेंब सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून जो प्रकाश पडेल तोच तो दाखवतो. सूर्य क्षितिजाला टेकला की प्रकाशाला, तो डोक्यावर असतानाच्या सुमारे ३८ पट हवेतून यावं लागतं. हवेचे रेणू निळा प्रकाश लालपेक्षा चार-पाच पट जास्त विखुरतात. निळा वाटेतच गळतो, उरलेला ढगावर पडतो. (धुरामुळे संध्याकाळ रंगते म्हणतात, ते फारसं खरं नाही. जमिनीलगतचा धूर रंग मळवतो. पावसाने हवा धुतली गेली की बघा!)

सूर्यास्तानंतर खालचे ढग आधी राखाडी होतात. उंचावरचे पिसांसारखे ढग मात्र अजून पेटलेले, कारण तिथून सूर्य अजून दिसत असतो. पहाटे उलट.

आणि सूर्य? तो लाल झालेलाच नसतो. मार्चअखेर मुंबईत तो समुद्रात बुडताना दिसतो, तेव्हा आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, डकारमध्ये, भर दुपार असते.

याच अध्यायात आधी इच्छा, द्वेष, सुख, दुःख हे क्षेत्राचे विकार म्हणून मोजले आहेत, जाणणाऱ्याचे नाहीत. रात्री अकराला ऑफिसचा मेसेज वाचून आलेला राग खोटा नसतो, तो नाकारायचा नाही. पण 'मी रागीटच आहे, असल्या मनाने नाम कसं घेऊ' म्हणून जप चुकवणं मला पटत नाही. तो ढगाचा रंग सूर्याला लावणं झालं. जप त्याच रागासकट करावा. दृष्टांत मात्र इथपर्यंतच. जाणणारा काही सूर्यासारखा कोट्यवधी किलोमीटर दूर नाही.

आज संध्याकाळी जमलं तर गच्चीवर जा, फोन खाली ठेवा, आणि सगळ्यात वरचा ढग विझेपर्यंत थांबा. मग ३२ आणि ३३ सलग वाचा. उद्या ३४वा, अध्यायाचा शेवटचा.