आधी पट्टी काढू दे

पालकहो, शाब्दिक उदाहरण वाचून झालं की मूल मान वर करून विचारतं, “आई, बेरीज करू की वजाबाकी?” घाईत आपण सांगून टाकतो. उदाहरण सुटतं खरं, पण डोकं चाललेलं असतं आपलं.

आपल्या बाजारातलंच बघा. एका मावशींनी सकाळी वेलची केळी विकली. संध्याकाळी सकाळपेक्षा 4 डझन जास्त. दिवसभरात गेली 20 डझन. तर सकाळी किती? बरीच मुलं ‘जास्त’ दिसताच 20 मध्ये 4 मिळवतात आणि सकाळीच 24 डझन केळी बिनदिक्कत विकून मोकळी होतात! ‘जास्त म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी’ हे त्यांना मोठ्यांनीच पढवलेलं असतं.

त्याऐवजी पट्ट्या काढायला सांगा. सकाळची एक आडवी पट्टी. तिच्याखाली संध्याकाळची तेवढीच, पुढे 4 डझनांचा तुकडा जोडलेला. दोन्हींना मिळून कंस, त्यापाशी 20. आता तो जादा तुकडा हाताने झाका. उरल्या दोन सारख्या पट्ट्या, मिळून 16 डझनांच्या. सकाळी 8, संध्याकाळी 12. वजाबाकी करायची हे कुणी सांगावंच लागलं नाही.

ही रीत 1980 च्या दशकात सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत रुजली. आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे, असा तिथला क्रम. वस्तूंपासून सुरुवात करणं आपल्याकडे नवं नाही म्हणा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आसपास सापडणाऱ्या वस्तूंनाच शिकण्याची साधनं बनवलं होतं. लहानग्यांना म्हणूनच आधी चिंचोके मांडू द्या.

अपूर्णांकांत तर पट्टी फारच कामाला येते. गजऱ्यांपैकी दोन पंचमांश विकले, 36 उरले. पट्टीचे पाच सारखे भाग, दोन रंगवले. कोरे तीन म्हणजे 36, एक म्हणजे 12, एकूण 60.

पट्टी मात्र मुलानेच काढायची. फूटपट्टी नको, रेघ वाकडी चालेल. सारखे भाग साधारण सारखे दिसले की झालं. चुकलं तर लगेच खोडरबर पुढे करू नका. “ही पट्टी कशाची? यातलं आपल्याला काय ठाऊक आहे?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच आपल्याला जड जातं. शाळेत रीत लिहावी लागत असेल तर ती पट्टीशेजारी लिहू दे. पुढे समीकरणं येतील तेव्हा ‘क्ष’ बसेल तो याच अनोळखी पट्टीच्या जागी.