एसी दमतो तो स्लॅबमुळे

प्रश्न : आमचं घर गेवराईत, वरच्या मजल्यावर. दीड टनाचा एसी १८ वर ठेवूनही रात्री अकरापर्यंत खोली गार होत नाही. शेजारी म्हणतात, आउटडोअरवर पाणी मारा आणि सोबत कूलर लावा. असं केल्याने एसीवरचा ताण कमी होईल का?

उत्तर : आधी कूलरचं बघू, कारण तिथे हिशेब अगदी उलटा आहे. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण सव्वापाच युनिट उष्णता बाहेर टाकतो (ही उष्णता, विजेचं बिल नव्हे). कूलरने हवेत सोडलेलं एक लिटर पाणी पुन्हा गाळून काढायचं, तर त्यातली पाऊण युनिटच्या जवळपास उष्णता तिथेच खर्च होते. तासाला सात-आठ लिटर पाणी उडवणारा कूलर बंद खोलीत लावलात, तर एसीची सगळी ताकद ते पाणी गाळण्यातच जाईल. मात्र बीडच्या कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत कूलर एकटा उत्तम चालतो. दिवसा खिडकी उघडी ठेवून कूलर, रात्री दारं-खिडक्या लावून एसी, अशी वाटणी करा.

आउटडोअरवर बोअरचं पाणी नकोच. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुधा क्षाराचं असतं. पाणी उडून जातं, पण जाळीच्या पत्र्यांवर पांढरा थर उरतो आणि उष्णता बाहेर पडणं आणखी अवघड होतं. त्यापेक्षा तिथली धूळ मऊ ब्रशने काढा. दुपारचं ऊन थेट पडत असेल तर वर हिरवी शेडनेट बांधा, पण चांगली उंच आणि समोरची बाजू मोकळी ठेवून. आउटडोअरच्या पंख्याची गरम हवा अडून परत आत ओढली गेली, तर कॉम्प्रेसरवर दाब वाढतो, तो जास्त करंट ओढतो आणि शेवटी ट्रिप होतो.

आता खरं दुखणं. तुमची खोली रात्री तापते, कारण दिवसभर स्लॅबने प्यायलेलं ऊन संध्याकाळनंतर खाली उतरतं. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा; दुपारची आच त्यातून सहज खाली येत नसे. आजच्या पाच-सहा इंची उघड्या स्लॅबला ते जमत नाही. म्हणून मार्च संपण्याआधी गच्चीवर चुन्याचे दोन हात मारा, किंवा शेडनेटचा मांडव घाला. स्लॅबवर रोज पाणी ओतण्याचा सल्ला मी देणार नाही. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर येतात, जिथलं परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, तिथे ते पाणी प्यायला हवं. पश्चिमेच्या खिडकीला मात्र बाहेरून ताडपत्री किंवा बांबूची चटई लावा. आतला पडदा ऊन आत आल्यावरच अडवतो.

रिमोटवर १८ केल्याने खोली फारशी लवकर गार होत नाही. ते तापमान गाठताच येत नसल्याने कॉम्प्रेसरला विसावा मिळत नाही, एवढंच. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसींचं मूळ तापमान २४ ठरवलं गेलं आहे, आणि प्रत्येक अंश वर नेल्यास साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. २५ किंवा २६ वर ठेवून छताचा पंखा हळू चालवून बघा. आतली जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. आपल्याकडची धूळ पाहता आठवड्याने धुतली तरी हरकत नाही.

संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हा मोटर जास्त करंट घेते आणि तापते. तुमच्याकडे दिवे मिणमिणत असतील तर स्टॅबिलायझर घ्याच. लाइट गेली आणि आली, की तीन मिनिटं एसी लावू नका. आणि हे सगळं करूनही आतल्या तांब्याच्या नळीवर बर्फ धरत असेल, तर जाळी तुंबली आहे का ते आधी पाहा. जाळी स्वच्छ असेल तर बहुधा गॅस गळतोय. गॅस वापरून संपत नसतो, तेव्हा मेकॅनिकला नुसता भरायला सांगू नका, गळती शोधून बंद करायला सांगा.