डिस्क फॉरमॅट करू नका

प्रश्न : चंडीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या अभ्यासदौऱ्यात काढलेले विधानसभा, उच्च न्यायालय, ‘ओपन हँड’ यांचे फोटो माझ्या लिनक्सच्या संगणकावर आहेत. एका मैत्रिणीकडे विंडोज आहे, दुसरीकडे मॅक. लिनक्सची डिस्क विंडोजला वाचता येत नाही म्हणतात. मग ती फॉरमॅट करावी लागेल का?
– वास्तुकलेची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : अजिबात नको, फोटोच जातील! डिस्क काढून थेट विंडोजला जोडली, तरच ती अडचण येते. नेटवर्कवर डिस्क तुमचाच संगणक वाचतो आणि समोरच्याला फक्त फाइल देतो. त्यासाठी तिघींना एकच भाषा लागते, ती म्हणजे एसएमबी. विंडोज आणि मॅकमध्ये ती असतेच. लिनक्सवर ‘सांबा’ हा मोफत प्रोग्रॅम टाका. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेलं हे काम १९९२ पासून लोकांच्या उपयोगी पडतं आहे.

फोटोंचं एकच फोल्डर शेअर करा, तेही केवळ वाचण्यापुरतं. सांबाचा पासवर्ड वेगळा द्यावा लागतो. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. मैत्रिणी तुमच्याच वाय-फायवर हव्यात.

फाइलच्या नावात विसर्गचिन्हासारखा कोलन किंवा प्रश्नचिन्ह नको, विंडोजला ते चालत नाही. जुनं एसएमबी-१ बंदच ठेवा. २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा घातक प्रोग्रॅम त्याच्याच त्रुटीतून पसरला. कॉलेजच्या किंवा कॅफेच्या वाय-फायवर शेअरिंग बंद करा. आणि फोटोंची एक प्रत आजच वेगळ्या डिस्कवर घ्या.