डॉक्टर होणाऱ्या लेकरांचा ताण : कोरोनाच्या साथीतून घ्यायचा धडा

विरार, नालासोपारा, वसई, नायगाव इथल्या आपल्या वस्त्यांमधून एमबीबीएस, बीएएमएस, नर्सिंगला जाणारी मुले-मुली आता दिसू लागली आहेत. बहुतेक घरांत ती पहिलीच. प्रवेश मिळाला की विहारात सत्कार होतो, पेढे वाटले जातात, नाक्यावर फ्लेक्स लागतो. त्यानंतरची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष त्या पोराने कसे काढले, हे मात्र घराला फारसे कळत नाही. या वेळच्या पाठात आम्ही त्याबद्दल लिहीत आहोत. त्यासाठी कोरोनाचा काळ आठवावा लागेल, कारण एरवी झाकून राहणारे बरेच काही त्या दोन वर्षांत उघडे पडले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. कॉलेजे बंद झाली, खालच्या वर्गांतली मुले वसतिगृह सोडून घरी आली. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे, एक मोबाईल, त्यातच लहान भावाची शाळा आणि त्याच मोबाईलवर मोठ्या बहिणीचे शरीररचनाशास्त्र. प्रेताच्या विच्छेदनातून जे शिकायचे ते पडद्यावर बघून शिकायचे. वरच्या वर्षांची गोष्ट उलटी होती. इंटर्न आणि पदव्युत्तर शिकणारे निवासी डॉक्टर थेट वॉर्डात होते. मुंबईचे नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये पूर्णपणे कोविडसाठी राखून ठेवले गेले. लोकल बंद होत्या. अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी पश्चिम रेल्वेची लोकल सुरू झाली ती १५ जून २०२० पासून. तोवर आपल्या भागातून मुंबईच्या दवाखान्यांत जाणाऱ्या वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार, परिचारिका आणि शिकाऊ डॉक्टरांनी बसमधून तासन् तास काढले. घरी परतल्यावर भीती वेगळीच. आजीला दमा, बाबांना साखर, आणि झोपायला जागा त्यांच्याच शेजारी.

परीक्षांचा घोळ तर सांगायलाच नको. डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट २०२० मध्ये १३ सप्टेंबरला झाली आणि पहिल्या वर्षाचे वर्ग फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झाले. पदव्युत्तर प्रवेशाची नीट जानेवारी २०२१ मध्ये व्हायची, ती १८ एप्रिलवर गेली, तीही ऐन वेळी पुढे ढकलली आणि शेवटी ११ सप्टेंबरला झाली. पुढची प्रवेशप्रक्रिया आरक्षणाच्या खटल्यात अडकली ती जानेवारी २०२२ पर्यंत. याचा अर्थ नीट समजून घ्या. नवी तुकडी आलीच नाही, म्हणून तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्यांनी केले. थकवा हा काही त्या पोरांच्या मनाचा कमकुवतपणा नव्हता. तो वेळापत्रकातूनच आला होता.

मग आला एप्रिल २०२१. दुसरी लाट. २३ एप्रिलच्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि पंधरा कोविड रुग्ण दगावले. ते दिवस आपल्यापैकी कुणी विसरणार नाही. त्याच महिन्यात वस्तीतल्या प्रत्येक मेडिकलच्या विद्यार्थ्याचा फोन रात्रंदिवस वाजत होता. बेड बघ, ऑक्सिजन बघ, रेमडेसिविर कुठे मिळते ते सांग. विचारणारे आपलेच, अडचण खरी, रागावणार तरी कुणावर? पण दुसऱ्या वर्षाच्या पोराच्या हातात यातले काहीच नव्हते. माणूस गेला की ‘तू डॉक्टर असून उपयोग काय’ हे ऐकायला तोच उरला. ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने इंटर्नना वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोविड कामाला लावण्याचा आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सौम्य रुग्णांवर देखरेख व फोनवरून सल्ला यासाठी घेण्याचा निर्णय जाहीर केला.

त्या काळात ‘कोविड योद्धा’ हा शब्द फार चालला. आम्हाला तो कधी पटला नाही. योद्ध्याला भीती वाटली असे म्हणता येत नाही, रडता येत नाही, सुट्टी मागता येत नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाई आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रुग्णांची सेवा करत होते आणि त्यातच १० मार्चला माई गेल्या. त्यांचा त्याग आपण आठवतोच. पण हे उदाहरण देऊन वीस वर्षांच्या मुलीला आणखी एक ड्युटी करायला लावू नये.

ताण म्हणजे नेमके काय होते ते थोडक्यात. संकट दिसले की शरीर तयारीला लागते. हृदय जोरात चालते, स्नायू ताणले जातात, झोप उडते. संकट टळले की सारे पूर्ववत होते. पण ते टळलेच नाही, महिनोन् महिने तसेच राहिले, तर शरीर सैल पडायचे विसरते. झोप तुटते, भूक जाते किंवा वाढते, वाचलेले लक्षात राहत नाही, बारीकसारीक गोष्टीवर चीड येते. हे चार दिवस राहिले तर थकवा समजा. दोन आठवड्यांहून जास्त टिकले, आवडीच्या गोष्टीतही मन लागेना, ‘मी नालायक आहे’ असे बोलणे सुरू झाले, तर ते नैराश्य असू शकते. मग डॉक्टर गाठायचा.

हे किती जणांना होते? कोरोनाच्याही आधी, २०१६ मध्ये, अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र मोजणी प्रसिद्ध झाली. वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी २७ टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणे आढळली, आणि अशांपैकी जेमतेम १६ टक्क्यांनी उपचार घेतले होते. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कार्यदलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. एमबीबीएसच्या पंचवीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यासाठी ऑनलाइन उत्तरे दिली. सुमारे २८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले, तर १६ टक्क्यांनी आयुष्य संपवण्याचे विचार येऊन गेल्याचे कळवले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांत हे प्रमाण ३१ टक्के निघाले. ज्यांना त्रास आहे तेच अशा प्रश्नावल्या जास्त भरतात, हे गृहीत धरले तरी आकडा लहान नाही. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको आणि एक दिवस सुट्टी हवी, अशी शिफारस त्या अहवालात आहे. चौऱ्याहत्तर तास ही सवलत म्हणून मागावी लागते, यावरून चालू स्थिती ओळखा.

आता घराने काय करायचे? सगळ्यात आधी झोप. रात्रपाळी करून पोर सकाळी नऊला घरी येते. तेव्हाच नळाला पाणी आलेले असते, कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, शेजारचा टीव्ही मोठ्याने असतो. ते आडवे होते, पण झोपत नाही. खिडकीला जाड चादर लावा, त्याचा मोबाईल दुसऱ्याकडे द्या, आलेल्या पाहुण्याला ओट्यावरच बसवा आणि पाच-सहा तास कुणी हाक मारू नका. खोली एकच असेल तर शेजारच्या मावशींकडे, आत्याकडे, जिथे दिवसा घर रिकामे असेल तिथे झोपायची सोय करा. एवढ्यानेही फरक पडतो. वस्तीतल्या मंडळांनी लाऊडस्पीकरचा विचार यात करावा; जयंतीच्या दिवसांत परीक्षा असते, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट, बोलणे. ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय केले’ हे वाक्य बंद. पोराला ते पाठ असते. कर्जाचा हप्ता, आईची धुणीभांडी, बापाचा ओव्हरटाइम याचा हिशेब ते रोज मनात करतच असते. त्यापेक्षा ‘आज जेवलास का, वॉर्डात काय झाले’ असे विचारा आणि मधे न बोलता ऐका. नापास झाला तर वर्ष गेले, आयुष्य नाही, हे निकालाच्या आधीच सांगून ठेवा. निकालानंतर सांगितले तर समजूत घातल्यासारखे वाटते.

जीव द्यायचे विचार येतात का, असे सरळ विचारायला लोक घाबरतात. विचारल्याने डोक्यात तो विचार शिरेल असे वाटते. तसे होत नाही. उलट कुणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, रागावू नका, आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे ठरवले आहे, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार लपवू नका. औषधे सुरू झाली तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. मधेच बंद करू नयेत. आणखी एक, मेडिकलच्या मुलांना औषधांची नावे ठाऊक असतात, म्हणून ती स्वतःच गोळ्या घेऊ लागतात. यावर घराचे लक्ष हवे. आनापानाने मन शांत होते, रोज थोडा वेळ जरूर बसावे. पण नैराश्य जास्त असताना दहा दिवसांच्या शिबिराला पाठवणे हा उपचार नव्हे. आधी डॉक्टरला विचारा.

ताणाचे एक कारण आपल्या मुलांच्या वाट्याला जास्त येते. पहिल्याच आठवड्यात नीटचे गुण विचारले जातात, म्हणजे जात विचारली जाते. २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर शिकणारी तडवी भिल्ल समाजाची डॉ. पायल तडवी आपल्यातून गेली. जातीवरून छळ झाल्याची तक्रार घरच्यांनी केली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि त्याच वर्षी तिची आई आबेदा तडवी रोहित वेमुलाच्या आई राधिका यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली.

इथे आपल्या सोपाऱ्याच्या पूर्ण स्थविरांची गोष्ट हमखास सांगितली जाते. सुनापरांताचे लोक तुला शिव्या देतील, मारतील, तेव्हा काय करशील, असे तथागतांनी विचारले आणि पूर्णाने प्रत्येक वेळी शांत उत्तर दिले. गोष्ट थोर आहे, स्तूपाजवळ बसून सांगावी अशीच. पण छळ सोसणाऱ्या मुलीला ती सांगू नये. पूर्ण स्वतःच्या इच्छेने, पूर्ण तयारीने गेला होता. मुलीला आपण शिकायला पाठवले आहे. तिने तारीख, वेळ, कोण काय बोलले हे वहीत लिहून ठेवावे, मेसेज पुसू नयेत, कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे आणि अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. सोबत घरचा माणूस किंवा वस्तीतला शिकलेला कार्यकर्ता जावा. एकट्या मुलीचा अर्ज बाजूला पडतो, चार माणसे गेली की दखल घेतली जाते.

मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येते. विद्यार्थ्याने स्वतः केला तर उत्तम, पण आई-वडील, भाऊ-बहीणही करू शकतात. ‘मुलगी मेडिकलला आहे, पंधरा दिवस झाले नीट झोपलेली नाही, बोलत नाही’ एवढे सांगितले तरी पलीकडचा माणूस पुढचे विचारत जातो आणि जवळ कुठे दाखवायचे ते सांगतो.